बेउलाच्या शेतावरची थर्झा

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते मला विचारू नका. इथे दहा जणांना विचाराल तर बारा उत्तरं मिळतील, आणि प्रत्येकजण छातीवर हात ठेवून आपलंच खरं म्हणेल. मी बावीस वर्षं या बेउला गावात राहतेय, अमेरिकेच्या मधोमध, चारी बाजूंनी मका. इथल्या प्रत्येक म्हातारीनं मला ही गोष्ट ऐकवली आहे आणि प्रत्येकीनं ती अर्धी चुकवली आहे. म्हणून आता मी सांगते, आणि मधे कुणी बोलायचं नाही.

तेव्हा इथे गाव नव्हतं. माणसाच्या छातीपर्यंत येणारं गवत, एक ओढा आणि पश्चिमेला एक टेकडी, एवढंच होतं. पूर्वेकडे, बऱ्याच लांब, मॉर्मन पंथाचे लोक राहत. पंथ नवा होता, चालीरीती वेगळ्या होत्या, एकमेकांना ते ब्रदर-सिस्टर म्हणत, शेजारच्यांना ते खपलं नाही आणि त्यांनी या लोकांना हुसकावून लावलं. घरंदारं सोडून हे लोक कापडी छताच्या बैलगाड्यांतून पश्चिमेला निघाले. कुठे जायचं, तर हजार मैलांच्याही पुढे, डोंगरांपलीकडे, जिथे कुणी त्रास देणार नाही अशा जागी. ती जागा त्यांच्यातल्या कुणी पाहिलेली नव्हती.

एवढी माणसं एकदम कशी निघणार? ती तांड्यातांड्यानं निघाली, आणि त्यांनी एक रीत ठरवली. पुढच्या तांड्यानं वाटेत थांबायचं, जमीन फोडायची, मका लावायचा आणि पीक न बघता पुढे जायचं. मागून येणाऱ्यांनी ते काढायचं, खायचं, आणि जाण्याआधी त्यांच्याही मागच्यांसाठी पेरून ठेवायचं. पेरणारा एक आणि खाणारा दुसरा, दोघांची भेट कधी व्हायची नाही. ऐकायला किती छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण चांगल्या माणसांनी एखादी चांगली गोष्ट मनावर घेतली की काय होतं, ते पुढे ऐका.

पहिल्या तांड्यानं बेउलाला चाळीस एकर जमीन फोडली. सोपं काम नव्हतं ते. या माळाची माती म्हणजे वर नुसती मुळांची चटई. एकेका नांगराला सहा-सहा बैल जुंपले, तरी फाळ वाकले. तीन आठवड्यांनी मका लावून झाला, भोवती लाकडी कुंपण झालं, आणि तांडा पुढे निघायला तयार झाला.

त्या तांड्यात थर्झा होती. थर्झा विपल. पन्नाशीची विधवा, उंच, हाडकुळी, तोंडानं फटकळ. तिला राग यायला कारण लागत नसे, असं म्हणतात. हे साफ खोटं आहे. कारण लागत होतं, आणि लोक तिला ते रोज पुरवत होते.

तिच्याबरोबर तिची मुलगी अल्मायरा आणि जावई होते. अल्मायराला दिवस गेले होते, पहिलटकरीण होती. आणि थर्झाची थोरली मुलगी पहिल्याच बाळंतपणात गेली होती. त्या वेळी थर्झा दुसऱ्या गावात होती, निरोप पोचून ती येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यामुळे अल्मायरानं आईकडून शब्द घेतला होता.

"आई, माझ्या वेळी तू माझ्याजवळ पाहिजेस."

थर्झानं तसा शब्द दिला होता. मक्याची कणसं भरतील त्या सुमाराला मूल होणार होतं, आणि तोवर सगळे तांडे पुढे मोठ्या नदीवर जमणार होते. बेउलापासून नदी तीन आठवड्यांच्या वाटेवर होती. म्हणजे काही घाई नव्हती, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं.

निघताना तांड्याच्या कॅप्टननं सांगितलं की पुढचा तांडा येईपर्यंत शेतावर कुणीतरी राहायला हवं, हरणं आत शिरतात. आठ दिवसांचाच प्रश्न आहे, मागच्या तांड्यात बसायला जागा मिळेलच. बाकीच्यांच्या पदरी लहान पोरं होती. थर्झा म्हणाली, मी राहते. आठ दिवसांचा प्रश्न आहे, असं कुणी म्हणालं की मला आता घाम फुटतो.

आठव्या दिवशी सकाळी थर्झानं आपली पेटी भरली आणि ती ओढ्यावर कपडे धुवायला गेली. परत येते तर काय, शेतात बारा नांगर चाललेले. कॅप्टन जोथम फिस्कचा तांडा पहाटेच येऊन पोचला होता. फिस्क हा मोठा भला माणूस. त्यानं बघितलं, काळीभोर मोकळी जमीन, भोवती नीट कुंपण. कोंब अजून वर यायचे होते, वरून काय दिसणार? त्याला वाटलं, पुढच्यांनी जमीन तयार करून ठेवली आहे आणि पेरायचं काम आपल्यासाठी राखलं आहे. त्यानं सगळ्यांना गोळा केलं, टोप्या काढून प्रार्थना केली आणि मग नांगर घातला. थर्झा धावत पोचेपर्यंत तिसरा हिस्सा शेत उलटंपालटं झालं होतं आणि नुकते फुटलेले कोंब मातीखाली गाडले गेले होते.

"ब्रदर फिस्क," ती म्हणाली, "ते पेरलेलं होतं."

फिस्कचा चेहरा पांढराफटक पडला. माणूस वाईट असता तर एक शिवी देऊन मोकळा झाला असता. पण हा भला माणूस, त्याला वाटलं आपण भरपाई केली पाहिजे. त्यानं हुकूम सोडला की आता उरलेलंही नांगरा, म्हणजे सगळं नव्यानं एकसारखं पेरता येईल. थर्झानं पुढे होऊन पहिल्या नांगराची मूठ धरली आणि जी काही सुनावली म्हणता, तांड्यातली पोरं पुढचे दोन दिवस कुजबुजत बोलत होती, असं म्हणतात.

मग फिस्कनं बियाण्याची दोन पोती काढून दिली. एक दिवस सगळ्यांनी हात लावला असता तर तेवढं रान पुन्हा लावून झालं असतं. पण पुढे ओढा ओलांडायच्या जागी पाणी चढायच्या आत पोचायचं होतं. त्यानं थर्झाला गाडीत जागा देऊ केली. ती म्हणाली, हे तसंच टाकून कशी येऊ? तेव्हा त्यानं तिला खूप खूप आशीर्वाद दिले आणि तो निघून गेला. थर्झानं काठीनं भोकं पाडून एकेक दाणा लावला. नऊ दिवस तिची कंबर सरळ झाली नाही. शेवटी तिनं एक फळी कुंपणाला ठोकली आणि तिच्यावर कोळशानं लिहिलं, पेरलेलं आहे, हात लावू नका.

तिसरा तांडा आला. त्यांनी फळी वाचली, मान डोलावली. थर्झाची पेटी गाडीत चढली, थर्झा गाडीत चढली, तांडा हलला. टेकडीवर गाडी पोचली आणि तिनं एकदा मागे वळून बघितलं. तांड्याच्या शेवटी दहा कुटुंबं होती, ती अजून शेतापाशीच होती आणि बैल गाड्यांपासून सोडून नांगराला जुंपत होती.

आता तुम्ही म्हणाल, फळी वाचली होती ना? वाचली होती हो. पण त्यांच्या मनानं घेतलं की दुसऱ्या कुणी पेरलं म्हणून आपण हात हलवत पुढे जायचं का? आपल्या मागच्यांसाठी आपण काय केलं? नवीन जमीन फोडायची तर सहा बैल लागणार आणि तीन दिवस मोडणार. इथे आयती भुसभुशीत माती होती. पुण्यही पदरात पडणार होतं आणि बैलही दमणार नव्हते. अशा माणसांपुढे काय करायचं, सांगा मला.

थर्झानं चालत्या गाडीतून उडी टाकली आणि टेकडीवरून हाक मारली. ती हाक सात मैलांवर ऐकू गेली, असं म्हणतात. ओढ्यातली बदकं उडाली ती त्या वर्षी परत आली नाहीत. आणि नांगराला जुंपलेले बैल जागच्या जागी खाली बसले. चाबूक मारला, शेपट्या पिरगाळल्या, बैल काही उठेनात. त्यानंतर बेउलाच्या शेतात एकाही बैलानं पाय ठेवला नाही, नुसतं कुंपण दिसलं तरी ते बाजूनं जात. बैलांना कळलं, माणसांना नाही.

तोवर दोन एकर गेलेच होते. थर्झा धापा टाकत कॅप्टनकडे आली. म्हणाली, दुपारपर्यंत वेळ द्या, एवढं सारखं करते आणि येते.

"सिस्टर थर्झा," तो म्हणाला, "तांडा अर्धा दिवस थांबवता येत नाही."

तिची पेटी त्यांनी रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवली. नीट ठेवली, धूळ पुसून ठेवली. चांगली माणसं होती ना!

पंधरा दिवसांत मका वर आला. वीतभर हिरवा झाला. आता तर आंधळ्यालाही दिसेल की इथे पीक आहे, आता काही आपली गरज नाही, असं थर्झानं ठरवलं आणि पुन्हा पेटी भरली. चौथा तांडा आला तो विलायतेतल्या गिरण्यांच्या गावातून आलेल्या माणसांचा. कोणी विणकर, कोणी चांभार, एक घड्याळं दुरुस्त करणारा. शेत त्यांनी आयुष्यात लांबूनच बघितलेलं. वाटेवर त्यांनी ऐकलं होतं की बेउलाला एक सिस्टर आहे, फार रागीट आहे, पण तिनं आपल्यासाठी फार सोसलंय. तिला खूश करायचं असं त्यांनी आपसांत ठरवलं. सकाळी ती उठायच्या आधी चाळीस जणं शेतात उतरली आणि तिच्यासाठी निंदणी करून ठेवली.

मक्याचं कोवळं रोप आणि गवताचं पातं यांतला फरक त्यांना ठाऊक नव्हता. आठ एकर त्यांनी अंगणासारखं स्वच्छ करून ठेवलं होतं. थर्झाला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. उभ्या आयुष्यात ती एकदाच गप्प राहिली ती त्या दिवशी, असं म्हणतात, आणि ही एक गोष्ट मी सपशेल मानते. बोलायला शब्दच उरले नसतील बाईकडे. काय झालं ते कळल्यावर विणकरांच्या बायका रडायला लागल्या, तेव्हा त्यांची समजूतही तिनंच काढली आणि त्या जागी सलगम लावून घेतले.

जुलै लागला होता. अजूनही निघाली असती तर ती वेळेत पोचली असती. गाडीत जागा होती, पेटी चढलेली होती, मनानं ती केव्हाच अल्मायराजवळ जाऊन बसली होती. तेवढ्यात पूर्वेकडून एक घोडेस्वार आला. त्यानं कॅप्टनला सांगितलं की मागे जे उरलेत, म्हातारे, आजारी, ज्यांच्यापाशी बैल घ्यायलाही काही नव्हतं, त्यांनाही आता तिथे राहू देणार नाहीत. तीनशे माणसं आहेत, पानगळीच्या सुमाराला इथे येतील, आणि त्यांच्याजवळ खायला दाणा नसेल. बेउलाच्या शेतात जे असेल त्यावरच ती जगतील.

थर्झानं त्याला विचारलं, त्यांच्या आधी अजून किती तांडे यायचेत? तो म्हणाला, तीन.

म्हणजे आणखी तीन तांडे भरून भली माणसं यायची होती.

थर्झाला कुणीही म्हणालं नाही की तू थांब. इथेच माझं डोकं फिरतं. कुणी म्हणालं असतं तर ती भांडली असती, दोन गोष्टी सुनावल्या असत्या आणि कदाचित निघूनही गेली असती. पण सगळे आपापल्या गाड्यांकडे वळले. थर्झानं आपली पेटी स्वतःच खाली ओढली. एका विणकराच्या बायकोला तिनं बाजूला घेतलं.

"नदीवर माझी अल्मायरा भेटेल," ती म्हणाली. "तिला सांग, आई निघालीय. उशीर होईल, पण येतेय."

त्यानंतरच्या तीन तांड्यांचं मी थोडक्यात सांगते, नाहीतर माझंच रक्त तापतं. एकाला वाटलं की शेताला खत हवं, त्यानं साठ गाई आत सोडायला फाटक उघडलं. दुसऱ्याला वाटलं की कुंपण कमकुवत आहे, नवीन घालू, म्हणून त्यानं आधी जुनं उपटायला घेतलं. तिसरा म्हणाला, कणसं भरतायत की नाही ते मागच्यांसाठी तपासून बघू, आणि सोलून बघायला लागला. प्रत्येक वेळी थर्झा काठी घेऊन उभी राहिली आणि प्रत्येक वेळी तिनं त्यांना हाकललं. प्रत्येकानं जाताना गाडीत जागा देऊ केली, आणि तिनं दोन दिवस मागितल्यावर कुणाच्यानंही थांबणं झालं नाही.

ऑगस्टात गारांचं वादळ आलं. थर्झा शेताच्या मधोमध उभी राहून आभाळावर ओरडली आणि गारा कुंपणाच्या बाहेर बाहेर पडत गेल्या, असं म्हणतात. मी काही तिथे नव्हते. पण सहा तांडे जिनं निस्तरले तिच्यापुढे गारांची काय कथा?

मग कणसं भरली. ती रोज एक कणीस दाबून बघत होती, पिकासाठी नाही. दाणा दुधावर आला, मग घट्ट झाला, आणि ती समजली की आता तिकडे वेळ झाली असेल. कशी असेल पोरगी, कोण असेल तिच्यापाशी, आहे तरी का? सांगायला कुणी नव्हतं. मला या जागी दरवेळी भरून येतं, आणि रागही येतो, आणि कुणाचा ते कळत नाही.

पानगळीत शेवटचा तांडा आला. तीनशे माणसं आणि गाड्या पुऱ्या वीसही नाहीत. गाड्यांत आजारी माणसं, बाकीची पायी. पोटं खपाटीला गेलेली. थर्झा काठी घेऊन फाटकात उभीच होती, काय बोलायचं तेही तयार ठेवलं होतं. पण ती माणसं आत आलीच नाहीत. समोर शेतभर वाळलेली कणसं लटकत होती आणि ती सगळी कुंपणाबाहेर उभी राहिली. एक म्हातारा टोपी हातात घेऊन पुढे आला. त्याचं नाव इलायजा क्रॉली.

"सिस्टर," त्यानं विचारलं, "हे शेत कुणाचं आहे? आम्ही हात लावला तर चालेल?"

सहा तांड्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. थर्झाच्या हातातली काठी गळून पडली. ती म्हणाली, "तुमचंच आहे. केव्हाची राखून बसलेय मी." आणि ती फाटकाला टेकून ढसाढसा रडली.

तीनशे माणसं त्या शेतावर पाच आठवडे जगली. एवढी नासधूस झालेलं शेत, पण रोज सकाळी ओळीत पुन्हा कणसं असायची, असं म्हणतात. माणसांच्या अंगात जीव आला, बैलांच्याही आला. आणि निघायच्या आधी त्यांनी काय करावं? तर थर्झाला विचारून, ती दाखवील तिथे, गहू पेरला. त्यांच्या मागे आता कुणीच यायचं नव्हतं. थर्झा त्यांच्यावर खेकसली, की हा कुणासाठी पेरताय? क्रॉली म्हणाला, कुणीतरी येईलच. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

निघायच्या दिवशी तिला जागा करून द्यायला म्हातारा क्रॉली स्वतः गाडीतून उतरायला लागला. त्याच्या पायांना सूज होती. थर्झानं त्याला दटावून पुन्हा आत बसवलं. म्हणाली, तुमच्या बैलांपेक्षा मी बरी चालते, मागून येते. आणि ती मागून चालायला लागली. ताप तिला चार दिवसांपासून होता, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. टेकडी चढली, वर पोचली आणि जरा दम खायला बसली, पश्चिमेकडे तोंड करून. पुढे कुणी म्हणतं ती तशीच उठून चालत गेली आणि कुणाला दिसली नाही. कुणी म्हणतं वाऱ्यानं तिला उचललं. काहीही म्हणतात. ती तिथे गेली, बसल्या बसल्या. शेवटच्या तांड्यानं तिला टेकडीवर पुरलं. थंडी तोंडावर होती, खायला मोजकं होतं, तरी ते लोक तिच्यासाठी एक सबंध दिवस थांबले.

अल्मायरा बाळंत झाली होती, सुखरूप, मुलगी झाली होती. निरोप तिला मिळाला होता. त्यामुळे नदीवर जो जो तांडा पोचला त्याच्या प्रत्येक गाडीपाशी बाळाला घेऊन ती जायची आणि विचारायची, माझी आई कुठल्या गाडीत आहे? क्रॉलीच्या तांड्यालाही तिनं तेच विचारलं.

पुढे इथे गाव वसलं. तो गहू ज्यांनी कापला तेच इथले पहिले रहिवासी. आणि तेव्हापासून बेउलातून पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत एक जागा मोकळी ठेवतात. शाळेची बस असो, ट्रॅक्टर ओढतोय ती ट्रॉली असो, लग्नाची गाडी असो. टेकडीपाशी गाडी थांबवायची, दार उघडायचं आणि थांबून राहायचं. किती वेळ, तर एका म्हाताऱ्या बाईला पेटी घेऊन चढायला जेवढा लागेल तेवढा.

पहिल्या वर्षी मी इतकी वैतागले होते! आम्ही पाच जण, पाच जणांची गाडी, डोंगर बघायला निघालेलो. शेजारची लोइस अंगणातून धावत आली आणि आम्हाला गाडी बदलायला लावली. टेकडीवर थांबलो तर बाहेर नुसता वारा. मी म्हटलं, काय हा वेडेपणा, जिवंत होती तेव्हा जागा सगळ्यांच्या गाडीत होती, थांबायलाच कुणी तयार नव्हतं, आणि आता थांबून काय उपयोग?

आता दार मीच उघडते. मुलं मागून कटकट करतात, आई, झालं की, निघू या ना. मी म्हणते, थांबा जरा. चढू दे तिला.